यंत्राचा निःशब्दपणा : छोट्या शीतकरण पंख्यांचे शास्त्र, धार आणि देवासच्या संदर्भात

धार नगरीचा राजा भोज याच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या अकराव्या शतकातील संस्कृत ग्रंथाचा एकतिसावा अध्याय यंत्रांना वाहिलेला आहे. चांगल्या यंत्राचे गुण कोणते, याची एक यादीच त्या अध्यायात दिली आहे. यंत्राचे भाग एकमेकांत नीट बसलेले असावेत, यंत्र हलके असावे, त्यात सैलपणा नसावा आणि ताठरपणाही नसावा, त्याची गती अडखळू नये, ती लयीला धरून असावी, यंत्र दीर्घकाळ टिकावे, असे हे गुण आहेत. त्यांच्याच रांगेत निःशब्दतेचा गुण येतो. आवाज काढणे हे ज्याचे काम नाही, त्या यंत्राने आवाज करू नये आणि जेथे आवाज हवा असेल तेथे तो भरपूर निघावा, अशी ही अपेक्षा आहे. टी. गणपतिशास्त्री यांनी संपादित केलेला हा ग्रंथ मराठ्यांच्याच दुसऱ्या एका संस्थानातून, बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून, १९२४ आणि १९२५ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्याच अध्यायात उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या पाच प्रकारच्या धारागृहांचेही वर्णन आहे.

भोजासमोर विजेची मोटर नव्हती. तरीही ही यादी आजच्या संगणकातील किंवा कंट्रोल पॅनेलमधील तळहाताएवढ्या पंख्याच्या मागणीपत्रावर जवळजवळ जशीच्या तशी लिहिता येईल. नीट बसणी, सैलपणाचा अभाव, अस्खलित गती आणि निःशब्दता हे गुण तेथे एकत्र आले आहेत, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. छोट्या पंख्याच्या बाबतीत कार्यक्षमता आणि शांतता हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. पंखा जेथे गोंगाट करतो तेथे बहुधा हवेची वाट अडलेली असते, आणि अडलेली हवा वीज खाते.

पंखा कोठे आणि कशासाठी

धार जिल्ह्यातील पीथमपूर हे मध्य भारतातील वाहन उद्योगाचे मोठे केंद्र आहे. आयशरचे ट्रक तेथे तयार होतात, आणि वाहनांच्या चाचणीसाठी उभारलेला ११.३ किलोमीटर लांबीचा अतिवेगवान मार्ग २०२१ पासून तेथेच खुला झाला आहे. शेजारच्या देवासमध्ये नोटा छापणारा सरकारी छापखाना १९७४ पासून चालतो, आणि किर्लोस्कर ब्रदर्सचा पंपांचा कारखानाही तेथे आहे. अशा कोणत्याही औद्योगिक गावात मोठ्या यंत्रांच्या मागे पोलादी कपाटांच्या रांगा असतात. मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह, विद्युतपुरवठ्याचे संच आणि नियंत्रक या कपाटांत बसवलेले असतात, आणि कपाटाच्या दारावर ८० ते १५० मिलिमीटर व्यासाचे पंखे घरघरत असतात. गोव्यात वेर्णा किंवा कुंडई येथील औद्योगिक वसाहतींतही चित्र वेगळे नाही. घरात हेच पंखे संगणकात, इन्व्हर्टरमध्ये, इंडक्शन शेगडीत, प्रोजेक्टरमध्ये आणि नव्या पद्धतीच्या फ्रिजमध्ये दडलेले असतात.

त्यांचे काम वाटते तितके साधे नसते. साडेसात किलोवॅटचा एक ड्राइव्ह ९७ टक्के कार्यक्षम धरला, तरी त्यातून सुमारे २२५ वॅट उष्णता कपाटात सांडत राहते. ही उष्णता बाहेर नेताना कपाटातील हवा बाहेरच्या हवेपेक्षा १० अंशांहून अधिक तापू द्यायची नसेल, तर किनाऱ्यावरील साधारण हवेचा हिशेब धरून तासाला सुमारे ६७ घनमीटर हवा खेळती ठेवावी लागते. माळव्यात हा आकडा वाढतो. धार आणि देवास ही गावे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहेत आणि मे महिन्यात तेथे पारा चाळिशी ओलांडतो. उंची आणि उष्णता या दोन्हींमुळे हवा विरळ होते. पंखा हवेचे आकारमान ढकलतो, परंतु उष्णता वाहून नेते ती हवेचे वस्तुमान. मे महिन्यातील माळव्याच्या दुपारी त्याच कामासाठी सुमारे ७७ घनमीटर हवा लागते.

त्याहून अवघड गोष्ट पुढे आहे. बाहेरच ४३ अंश असतील तर १० अंशांच्या वाढीने कपाटात ५३ अंश होतात. बहुतेक ड्राइव्ह पूर्ण भाराने चालावेत अशी हमी भोवतालच्या ४० अंशांपर्यंतच दिलेली असते. कोणताही पंखा कपाटाला बाहेरच्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. तो केवळ फरक कमी करू शकतो. फरक १० वरून ५ वर आणायचा तर हवा दुप्पट हवी. आतल्या विद्युतघट्ट कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंशांमागे साधारण निम्म्यावर येते, हा विद्युत अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे. म्हणून या पाच अंशांना किंमत असते. उन्हाळ्यात भर दुपारी ड्राइव्ह स्वतःहून बंद पडतो आणि उत्पादनाची साखळी थांबते, तेव्हा दोष मोटरला दिला जातो. कारण मात्र अनेकदा दारावरच्या धुळीने भरलेल्या जाळीत असते.

तीन नियम

दुप्पट हवा मिळवण्याचा पहिला सुचणारा मार्ग म्हणजे तोच पंखा दुप्पट वेगाने फिरवणे. हा मार्ग किती महाग आहे हे पंपांशी नित्य व्यवहार करणाऱ्याला सांगावे लागत नाही, कारण पंप आणि पंखा एकाच नियमांनी बांधलेले आहेत. प्रवाह वेगाच्या पटीत वाढतो, दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत आणि लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या पटीत. वेग दुप्पट केला की हवा दुप्पट होते, परंतु शक्ती आठपट लागते. आवाजाचा ठोकताळा असा की वेग दुप्पट झाला की पातळी सुमारे १५ डेसिबलने चढते. दहा डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट आवाजासारखी वाटते, हे लक्षात घेतले तर या दुप्पट वेगाचे ओझे कळते.

हाच नियम उलट वाचला की उपाय सापडतो. वेग निम्मा केला तर शक्ती एक-अष्टमांश लागते आणि आवाज १५ डेसिबलने उतरतो. गेलेली हवा भरून काढण्यासाठी व्यास वाढवावा. ८० मिलिमीटरच्या पंख्याऐवजी त्याच घडणीचा १२० मिलिमीटरचा पंखा घेतला, तर तीच हवा ढकलण्यासाठी तो पहिल्याच्या जेमतेम ३० टक्के वेगाने फिरवला तरी पुरतो. हिशेबाने आवाज १४ डेसिबलने घटतो आणि शक्ती एक-पंचमांश लागते.

मात्र विक्रेते जी गोष्ट सहसा सांगत नाहीत ती येथे येते. या सौद्यात दाबही एक-पंचमांश होतो. मोठा संथ पंखा मोकळ्या हवेत उत्तम चालतो, पण दाट फिल्टर, अरुंद फट किंवा उष्णताशोषकाच्या चिकटून असलेल्या पत्र्यांपुढे त्याचा जोर संपतो. दाब आणि प्रवाह यांचा आलेख काढला तर पंख्याची एक उतरती रेषा मिळते आणि कपाटाच्या अडथळ्याची एक चढती रेषा. दोन्ही रेषा जेथे छेदतात तेथे पंखा प्रत्यक्षात काम करतो. वेष्टनावर छापलेला प्रवाहाचा आकडा समोर काहीच अडथळा नसतानाचा असतो आणि दाबाचा आकडा हवा पूर्ण कोंडलेली असतानाचा. या दोहोंपैकी एकही स्थिती वापरात कधी येत नाही. छेदबिंदू आलेखाच्या फार डावीकडे, म्हणजे कमी प्रवाहाकडे सरकला, तर हवा पात्यांच्या पाठीवरून सुटते. पंखा गुरगुरू लागतो, वीज घेतो आणि हवा मात्र देत नाही. कपाटाजवळ उभ्या असलेल्या माणसाला हा बदल आलेखाशिवायही ऐकू येतो. दार उघडले की गुरगुर थांबत असेल, तर दोष पंख्याचा नसून वाटेचा आहे.

वीज कोठे जाते

छोट्या पंख्याची कार्यक्षमता मुळातच कमी असते. तासाला १०० घनमीटर हवा २० पास्कल दाबाने ढकलणाऱ्या पंख्याचे हवेवरील खरे काम जेमतेम अर्ध्या वॅटचे, नेमके सांगायचे तर ०.५६ वॅटचे भरते. त्यासाठी तो २ वॅट घेत असेल तर कार्यक्षमता २८ टक्के झाली, आणि या आकाराच्या पंख्यासाठी ती वाईट म्हणता येणार नाही. लहान पात्यावरून संथ वाहणाऱ्या हवेला तिचा चिकटपणा अधिक जाचतो, त्यामुळे विमानाच्या पंखासारखी घडण छोटी करून येथे बसवली तरी तसा लाभ मिळत नाही.

पहिली मोठी गळती मोटरमध्ये होते. जुन्या कारखान्यांत दारावर दिसणारे २३० व्होल्टचे बहुतेक पंखे ‘शेडेड पोल’ मोटरचे असतात. चुंबकाच्या टोकाला तांब्याचे कडे बसवलेली ही मोटर बनवायला स्वस्त आणि चालवायला महाग. १२० मिलिमीटरचा असा पंखा १८ ते २० वॅट घेतो. तेवढीच हवा देणारा, स्थायी चुंबकाचा आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा पंखा ५ वॅटच्या आसपास भागवतो. २० वॅटचा पंखा अखंड चालला तर वर्षाला १७५ युनिट वीज जाते, आणि ५ वॅटच्या पंख्याला ४४ युनिट पुरतात. एका पंख्यामागील १३१ युनिटांचा फरक नगण्य वाटला, तरी दोनशे पंखे असलेल्या कारखान्यात तो २६ हजार युनिटांवर जातो. शिवाय मोटरमध्ये वाया जाणारी वीज उष्णता होऊन त्याच कपाटाच्या तोंडाशी सांडते. जुन्या मोटरची ५० हर्ट्झ पुरवठ्यातून उमटणारी १०० हर्ट्झची गुणगुणही नव्या पंख्यात नसते. छताच्या पंख्यांत हा बदल घरोघरी पोचला आहे, आणि १ जानेवारी २०२३ पासून त्यांना ऊर्जाकार्यक्षमतेचे तारांकन बंधनकारक झाले आहे. कारखान्याच्या दारावरच्या पंख्याकडे मात्र अजून कोणी फारसे पाहत नाही.

दुसरी गळती पात्याच्या टोकाशी होते. पात्याच्या एका बाजूला दाब अधिक, दुसरीकडे कमी. टोक आणि चौकट यांच्यातील फटीतून हवा मागे निसटते आणि तेथे भोवरा तयार होतो. हा भोवरा वीज खातो आणि त्याच वेळी फसफस आवाजही करतो. ही फट कमी केली की दोन्ही दोष एकदम कमी होतात. अडचण अशी की साधे प्लास्टिक उष्णतेने आणि फिरण्याच्या ताणाने हळूहळू लांबते. फट फारच बारीक ठेवली तर काही महिन्यांनी पाते चौकटीला घासेल. ऑस्ट्रियातील नॉक्टुआ या कंपनीने २०१८ मध्ये बाजारात आणलेल्या १२० मिलिमीटरच्या पंख्यात ही फट केवळ अर्धा मिलिमीटर होती. त्यासाठी पात्यांना द्रवस्फटिक वर्गातील ताठर बहुवारिक वापरावे लागले. तो पंखा महाग झाला, हे ओघाने आलेच. सैलपणाही नको आणि घासणारा ताठरपणाही नको, ही भोजाच्या यादीतील जोडी येथे अर्ध्या मिलिमीटरच्या मापात उतरली आहे.

आवाजाचे दोन प्रकार

पंख्याचा आवाज ही स्वतः फार मोठी ऊर्जा नव्हे. ४० डेसिबल ध्वनिशक्तीचा पंखा हवेत वॅटचा दहा कोटीवा भागच ध्वनीच्या रूपाने सोडतो. तेवढा वाचवून विजेचे बिल उतरणार नाही. आवाजाचे महत्त्व लक्षण म्हणून आहे, जसे तापाचे असते. आणि ज्याला तो रात्रभर ऐकावा लागतो त्याच्यासाठी ते अर्थातच स्वतंत्र आहे.

या आवाजाचे दोन घटक असतात. एक म्हणजे रुंद पट्ट्यात पसरलेली सळसळ. ती पात्यांवरून सुटणाऱ्या अनियमित भोवऱ्यांतून येते. दुसरा म्हणजे ठरावीक सूर. पात्यांची संख्या आणि सेकंदातील फेरे यांचा गुणाकार केला की या सुराची वारंवारता मिळते. सात पात्यांचा पंखा मिनिटाला १८०० फेऱ्यांनी, म्हणजे सेकंदाला ३० फेऱ्यांनी फिरत असेल, तर २१० हर्ट्झचा सूर उमटतो. सळसळ कान लवकर विसरतो, सूर मात्र विसरत नाही. म्हणूनच डेसिबलमध्ये सारखे असलेले दोन पंखे कानाला सारखे वाटत नाहीत.

हा सूर प्रबळ होण्याचे मुख्य कारण बहुधा मोटर धरून ठेवणाऱ्या चौकटीच्या आधारकाड्या असतात. सात पाती आणि सातच काड्या असतील, तर सातही पाती एकाच क्षणी काड्यांसमोरून जातात आणि सात ठोके मिळून एक मोठा ठोका होतो. काड्या चार किंवा तीन असतील तर ठोके वेगवेगळ्या क्षणी पडतात आणि परस्परांना बरेचसे खोडतात. फिरती पाती आणि स्थिर पाती यांच्या संख्येचा आवाजाशी असलेला हा संबंध टायलर आणि सॉफ्रिन या दोन अभियंत्यांनी १९६२ मध्ये जेट इंजिनांसाठी मांडला. आज हाच विचार तळहाताएवढ्या पंख्यातही वापरला जातो. पात्यांमधील अंतर मुद्दाम थोडे असमान ठेवण्याचीही एक युक्ती आहे. त्याने एकूण आवाज घटत नाही, परंतु एका सुरात एकवटलेली ऊर्जा अनेक सुरांत विभागली जाते आणि कान कमी त्रासतो. देवास जिल्ह्यात जामगोदरानीच्या टेकड्यांवर पवनचक्क्या उभ्या आहेत. अशा पवनचक्क्यांच्या पात्यांची मागची कड करवतीसारखी दातेरी करून सळसळ घटवण्याचा उपाय जगभर वापरला जातो, आणि तोही आता छोट्या पंख्यांत उतरला आहे.

देवासच्या इतिहासात ‘पाती’ हा शब्द निराळ्याच अर्थाने येतो. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंपासून थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात शेजारी शेजारी नांदली. एका पेटीत जोडीने बसवलेल्या दोन पंख्यांची स्थितीही तशीच असते. दोन सारखे पंखे लावले की आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, म्हणून एका वेगवान पंख्यापेक्षा दोन संथ पंखे बरे, हा हिशेब योग्यच आहे. पण एकाचा सूर २१० हर्ट्झवर आणि दुसऱ्याचा २१२ वर असेल, तर सेकंदाला दोन वेळा आवाज फुगतो आणि ओसरतो. तानपुरा जुळवणाऱ्याला ही लाट चांगली परिचित असते. जोडीच्या तारांमधील ही लाट संथ होत होत नाहीशी झाली की तारा जुळल्या असे तो मानतो. पंखे मात्र जुळून राहत नाहीत, कारण त्यांचा वेग धुळीने आणि तापमानाने सतत थोडा थोडा बदलत असतो. त्यांचे वेग मुद्दाम पुरेसे वेगळे ठेवणे, अथवा शक्य असेल तेथे दोनांऐवजी एकच मोठा पंखा वापरणे, हा त्यावर इलाज.

तानपुऱ्याचा उल्लेख देवासच्या बाबतीत अस्थानी नाही. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व क्षयाने आजारी असताना १९४८ मध्ये कोरड्या हवेसाठी देवासला आले. गाणे बंद असलेल्या त्या वर्षांत अंथरुणावर पडून त्यांनी माळव्याची लोकगीते कानांत साठवली. पुढे १९९२ मध्ये निधन होईपर्यंत ते देवासमध्येच राहिले. त्यांच्या काळी खोलीत संगणक नव्हता. आज घरोघरी रियाजाचे ध्वनिमुद्रण संगणकावरच होते, आणि त्याच टेबलावर तानपुऱ्याच्या नादात पंख्याचा २१० हर्ट्झचा परका सूर मिसळतो. तो नंतर गाळायला गेले तर त्या पट्टीतला तानपुराही सोलला जातो. संगणक मायक्रोफोनपासून दूर नेणे किंवा त्यातील पंखा संथ करणे, हेच दोन मार्ग उरतात.

बसवण्यातील चुका आणि सोप्या सुधारणा

चांगला पंखा चुकीच्या जागी बसवला की त्याचे सगळे गुण वाया जातात. सर्वांत मोठी चूक हवा घेण्याच्या बाजूला होते. त्या बाजूस जाळी, तारांचा जुडगा किंवा पत्रा पंख्याला अगदी चिकटून असेल, तर पाती आधीच ढवळलेली हवा कापतात आणि आवाज कितीतरी वाढतो. तोच अडथळा हवा बाहेर पडण्याच्या बाजूला असेल तर त्रास बराच कमी होतो. हवा घेण्याच्या बाजूला पंख्याच्या व्यासाच्या निम्म्याइतकी तरी मोकळी जागा असावी. पत्र्यात ठोकलेल्या गोल भोकांच्या जाळीपेक्षा बारीक तारेची जाळी केव्हाही चांगली, कारण भोकांच्या मधला पत्राच बहुतांश वाट अडवतो.

दुसरी सुधारणा फिल्टरची. माळव्याच्या काळ्या मातीची धूळ बारीक असते, म्हणून फिल्टर काढून टाकणे हा पर्याय नाही. त्याचे क्षेत्रफळ मात्र दुप्पट करता येते. तेवढीच हवा दुप्पट क्षेत्रातून गेली की तिचा वेग निम्मा होतो आणि दाबाची तूट निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. पंखा न बदलता, वीज न वाढवता कपाटातील हवा वाढते आणि फिल्टरही उशिरा तुंबतो. दारावर एक चौकट जास्त कापण्याइतकाच काय तो खर्च.

पंख्याने हवा आत ढकलावी की बाहेर ओढावी, याबद्दल मतभेद आहेत. धुळीच्या प्रदेशात आत ढकलणे अधिक शहाणपणाचे. पंखा स्वतः थंड हवेत राहतो, त्याचे वंगण टिकते, आणि कपाटात किंचित जादा दाब राहिल्याने फटींतून धूळ आत शिरत नाही. मात्र हवा बाहेर जाण्याची वाट वरच्या बाजूला आणि आत येण्याच्या वाटेइतकी मोठी असली पाहिजे.

कंपनाचा आवाज वेगळा ओळखावा. पंखा हातात धरला की शांत आणि पत्र्यावर कसला की गुणगुणणारा असेल, तर पत्राच ध्वनीफलकासारखा वाजत असतो. स्क्रूऐवजी रबराच्या खुंट्या वापरल्या की हा आवाज बहुतेक जातो.

वेग नियंत्रणात तर सर्वांत मोठा लाभ आहे, आणि माळव्याला तो विशेष मिळू शकतो. ‘शब-ए-मालवा’ अशी ख्याती असलेल्या त्या पठारावर रात्री हवा गार होते. दुपारच्या उन्हासाठी निवडलेला पंखा रात्रीही पूर्ण वेगाने चालवण्याचे कारण नसते. तापमान पाहून वेग बदलणारे साधे नियंत्रक लावले तर रात्रीचे कित्येक तास पंखा निम्म्या वेगावर, म्हणजे एक-अष्टमांश शक्तीवर चालतो. चार तारांच्या पंख्यात हे नियंत्रण सेकंदाला सुमारे २५ हजार स्पंदांनी होते. माणसाचा कान वीस हजारांपलीकडे ऐकत नसल्याने ती स्पंदने जाणवत नाहीत. साध्या दोन तारांच्या पंख्याचा पुरवठाच कमी वारंवारतेने तोडून वेग उतरवला, तर मोटर टिकटिकते किंवा गुणगुणते. त्यापेक्षा व्होल्टेज कमी करणे बरे.

मोजमाप आणि मर्यादा

जाहिरातीतील डेसिबलचे आकडे जपून वाचावेत. छोट्या पंख्यांचा आवाज मोजण्यासाठी आयएसओ १०३०२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, पण अनेक उत्पादक पंखा मोकळा टांगून, एक मीटर अंतरावरून आणि स्वतःच्या सोयीच्या पद्धतीने मोजतात. कपाटात बसवलेला तोच पंखा त्याहून कितीतरी मोठा वाजतो. भारतातील ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रुग्णालयांभोवतालच्या शांतता क्षेत्रासाठी ५० आणि ४०, औद्योगिक भागासाठी ७५ आणि ७० अशा मर्यादा त्यात आहेत. या मर्यादा परिसराच्या आहेत, खोलीतील यंत्राच्या नव्हेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शनानुसार झोपण्याच्या खोलीत आणि रुग्णालयाच्या वॉर्डात सततचा आवाज रात्री ३० डेसिबलच्या आसपास असावा. खाटेशेजारच्या उपकरणातील एखादा छोटा वेगवान पंखा ही पातळी सहज ओलांडतो. नियमाने त्याला हरकत नसली तरी रुग्णाची झोप मोडते.

बेअरिंग, धूळ आणि खारी हवा

पंखा मरतो तो बहुधा बेअरिंगमुळे. साध्या बुशच्या पंख्याचा आवाज नवेपणी सर्वांत कमी असतो, पण उष्णतेने त्यातील तेल आटले की तो खरखरू लागतो. आडवा बसवला तर ते आणखी लवकर होते. गोळ्यांचे बेअरिंग उष्णतेत अधिक टिकते, मात्र त्याची बारीक किरकिर सुरुवातीपासून ऐकू येते. तेलाच्या पातळ थरावर आस तरंगत ठेवणारे द्रवगतिक बेअरिंग दोघांचे गुण बऱ्याच अंशी एकत्र करते आणि किमतीने त्या दोघांच्या वर असते. कारखान्यातील तापलेल्या कपाटाला गोळ्यांचे बेअरिंग योग्य, तर झोपण्याच्या खोलीला द्रवगतिक.

किनाऱ्यावरचा शत्रू वेगळा असतो. गोव्यात उंची आणि उन्हाळ्याची काहिली नाही, पण पावसाळ्याची दमट आणि खारी हवा आहे. तिच्यामुळे पोलादी गोळ्यांवर गंज चढतो आणि पंख्याच्या पोटातील इलेक्ट्रॉनिक पट्टीवर क्षार जमतात. समुद्राजवळच्या कपाटासाठी पंखा घेताना पट्टीवर संरक्षक लेप आहे का, हे विचारून घ्यावे. बंद पडलेला पंखा दुरुस्त करण्यापेक्षा हा प्रश्न स्वस्त पडतो.

सफाई दोन्हीकडे लागते. पात्याच्या पुढच्या कडेवर जमलेला धुळीचा पातळ थरही त्याची घडण बिघडवतो, आणि तो असमान जमला तर तोल जाऊन बेअरिंगवर ताण येतो. सफाई करताना कॉम्प्रेसरची हवा थेट पंख्यावर सोडण्याची सवय सर्वत्र दिसते. त्या झोतात पंखा त्याच्या ठरलेल्या वेगाच्या कितीतरी पटीने फिरतो. बेअरिंगला इजा होते, आणि मोटर जनित्रासारखी उलट वीज निर्माण करून नियंत्रकाला धक्का देऊ शकते. म्हणून आधी वीज बंद करावी, एका बोटाने पाती धरून ठेवावीत आणि मऊ ब्रशने पुसावीत. फिल्टर माळव्यात उन्हाळ्यापूर्वी आणि उन्हाळ्याच्या मध्यावर असा दोनदा तरी धुवावा, तर गोव्यात पावसाळा संपताच पंखे काढून आस हाताने फिरवून पाहावी. ती अडखळत असेल तर पंखा तेव्हाच बदलावा.